शेवटचं एकदा भेट

महाडच्या एसटी स्टँडवर पोलादपूरची गाडी लागली की अकरावी-बारावीतली एखादी मुलगी जागा धरते आणि आधी गाडीच्या पाटीचा फोटो काढते. दुसरा फोटो शेजारी कोण बसलंय त्याचा. दोन्ही ‘त्याला’ जातात. उशीर झाला तर व्हिडिओ कॉल. सव आणि आसपासच्या गावांतल्या मुलामुलींचं मी समुपदेशन करते. असे फोटो दाखवत मुली म्हणतात, ‘मॅडम, काळजी करतो तो माझी.’ पासवर्ड मागणं, मैत्रिणी तोडायला लावणं, ‘जिवाचं बरंवाईट करीन’ म्हणणं, सगळं त्याच माळेतलं. हात उचलला जातो तो नंतर.

मला खरी धास्ती वाटते ती मुलगी ‘आता पुरे’ म्हणते त्या दिवसांची. नकार पचला नाही की काय होतं ते आपण पाहिलंय. 1990 साली उल्हासनगरला दहावीचा पेपर देणाऱ्या मुलीला परीक्षेच्या वर्गातच जाळलं. 2020 मध्ये हिंगणघाटला तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं. जुलै 2024 मध्ये आमच्याच रायगडात, उरणला, वीस वर्षांच्या मुलीचा खून झाला. म्हणून ‘शेवटचं एकदा भेट’ असा निरोप आला की मी स्पष्ट सांगते, जायचं नाही. सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे नाही, स्टँडवर मैत्रिणीला घेऊनसुद्धा नाही. धमक्यांचे मेसेज पुसायचे नाहीत. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. मदतीचे नंबर: अठराच्या आतल्यांना 1098, महिलांना 181, जिवावर बेतलं तर 112. फोटो पसरवायची धमकी असेल तर सायबर पोलिसांकडे जायचं.

नंबर मुलींना पाठ असतात, तरी फोन करत नाहीत. घरी कळलं की कॉलेज बंद, नाहीतर लग्न, ही भीती. आणि ती खोटी नाही. त्यामुळे मुलीची हरकत नसेल तर मी आईला बोलावते आणि एकच वाक्य बोलायला लावते, ‘तुझं शिक्षण थांबणार नाही.’ एका आईने ते जमिनीकडे बघत, अगदी हळू म्हटलं. मुलीने ओढणीखालचा मोबाइल काढून तिच्या हातात दिला. सहा महिन्यांचे मेसेज होते त्यात.

माझ्यावरही एक बंधन आहे. अठराच्या आतल्या मुलीने लैंगिक अत्याचार सांगितला तर पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम 19 नुसार मला तो कळवावाच लागतो. हे मी तिने तोंड उघडण्याआधी सांगते. विश्वासात घेऊन नंतर पोलिसांत गेले, असं तिला वाटता कामा नये.

मुलांशी मात्र आपण फार कमी बोलतो. मुंबईत हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये ‘मावा’ ही संस्था काढली. पुरुषांनीच पुरुषांशी हिंसेबद्दल बोलायचं, ही तिची भूमिका. इथल्या एका मुलाने मला विचारलं, ‘ती नाही म्हणाली, आता पोरांना काय सांगू?’ त्याला मुलीच्या नकारापेक्षा मित्रांच्या हसण्याची जास्त भीती होती. अशा वेळी हवा असतो तो मैदानावरचा दादा, माझ्यासारखी मॅडम नव्हे. म्हणून यंदा गावोगावच्या कबड्डी संघांच्या थोरल्या खेळाडूंशी बोलायला सुरुवात केली आहे.