माहीम ते मोहम्मद अली रोड : किताबांच्या वाटेवर

कोकणातल्या मुस्लिम घरांचे मुंबईशी नाते फार जुने आहे. कोणी बोटीवरच्या नोकरीसाठी येतो, कोणी आखाती देशाच्या व्हिसासाठी, कोणी लग्नाच्या खरेदीसाठी, तर कोणी जे. जे. रुग्णालयात दाखवायला. परतताना पिशवीत मिठाई असते, अत्तराची कुपी असते आणि पुष्कळदा एखादी किताबही असते. आपल्या घरांतली कपाटे अशीच भरत आली. पंजसूरह, नमाजची किताब, कससुल अंबिया, मुलांचा कायदा. कोणी आणले ते आता आठवत नाही, पण आले ते बहुधा मोहम्मद अली रोडवरून.

यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघे मुंबईला गेलो ते मात्र केवळ किताबांसाठी. यादी घरीच केली होती. धाकटा सहावीत आहे आणि संध्याकाळी मकतबमध्ये हिफ्ज करतो, त्याच्यासाठी उस्तादांनी सांगितलेला मुसहफ. दादींची नजर मंदावली आहे, त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांचा कुरआन. आणि नववीतल्या लेकीसाठी दीनची अशी किताब, जी ती स्वतः वाचेल आणि जी तिला समजेल. गावात शाळा मराठी. लेक अरबी कुरआन नाजिरा वाचते, घरात कानावर पडणारी उर्दू तिला कळते, पण ती विचार करते मराठीत. यादीतले हे तिसरे नाव सर्वांत अवघड होते.

एसटीने पहाटे सायनला उतरलो आणि आधी माहीमला गेलो. किताबांच्या वाटेची सुरुवात तिथूनच व्हावी, असे आम्हाला वाटत होते. हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांची दर्गाह आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते, डिसेंबरच्या मेळ्यामुळे तर नक्कीच. पण ते मोठे ग्रंथकार होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचा जन्म 1372 चा आणि वफात 1431 ची. त्या वेळी मुंबई नावाचे शहर नव्हते, माहीम हे समुद्रकाठचे बंदर होते. अरबस्तानातून येऊन किनाऱ्यावर वसलेल्या नवायत घराण्यातल्या या आलिमाने इथे बसून संपूर्ण कुरआनची अरबी तफसीर लिहिली. तिचे नाव ‘तबसीर-उर-रहमान’. एकोणिसाव्या शतकात ती इजिप्तमधल्या बुलाकच्या प्रसिद्ध छापखान्यात छापली गेली. कोकणच्या किनाऱ्यावर लिहिलेली किताब काहिराचे तालिब-ए-इल्म वाचू लागले.

या तफसीरची एक खूबी आम्ही मुलांना तिथल्या आवारातच सांगितली. कुरआनच्या 114 सूरहपैकी 113 सूरहची सुरुवात बिस्मिल्लाहने होते. शब्द तेच असल्याने वाचणाऱ्याची जीभ ते सवयीने उरकून पुढे जाते. मखदूम साहेबांनी मात्र प्रत्येक ठिकाणी बिस्मिल्लाहचा अर्थ त्या त्या सूरहच्या विषयाला धरून नव्याने उलगडला. एका आयतीचा पुढच्या आयतीशी संबंध काय, हेही ते दाखवत जातात. सवयीने वाचणाऱ्याला ही किताब दर सूरहच्या दारात थांबवते आणि म्हणते, इथे तू पहिल्यांदाच आला आहेस, असे समजून वाच.

मखदूम साहेबांच्या शेजारीच त्यांच्या वालिदांची कबर आहे. त्यांच्याबद्दलची रिवायत घरोघरी सांगितली जाते. आईने रात्री पाणी मागितले, मुलगा पाणी घेऊन आला तोवर आईला झोप लागली, आणि तो पेला हातात धरून फजरपर्यंत उभा राहिला. धाकट्याने विचारले, “मग त्यांनी अभ्यास कधी केला?” आम्हाला हसू आले. पण प्रश्न खोटा नव्हता. रिवायत आपण लक्षात ठेवली आणि किताब विसरलो.

माहीमहून हार्बर लाइनची गाडी थेट मस्जिद स्टेशनला नेते. तिथून गर्दीतून वाट काढत झवेरी बाजाराच्या बाजूला जामा मस्जिद गाठली. ही मस्जिद 1802 मध्ये पूर्ण झाली. ती एका जुन्या तलावावर उभी आहे, दगडी कमानी पाण्यातून वर आल्या आहेत आणि त्याच पाण्याचा हौद वुजूसाठी आहे. अब्बा आणि धाकटा जोहरची नमाज पढून बाहेर आले ते हौदातल्या माशांचे वर्णन करीतच. मस्जिदीशी जोडलेला मदरसा आणि तिथला कुतुबखाना हे कोकणी मुसलमानांच्या इल्मी परंपरेचे जुने ठिकाण. तिथे हाताने लिहिलेल्या अरबी-फारसी किताबा जतन केलेल्या आहेत.

हस्तलिखितांकडून छापील किताबांकडे येण्याची वाटही याच परिसरातून जाते. शिळाछापाची कला मुंबईत 1820 च्या दशकात आली. कातिब तेलकट शाईने मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरवला जायचा आणि दगडावरून शेकडो प्रती निघायच्या. खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरांची मोडतोड होई, इथे मात्र हाताचे वळण जसेच्या तसे राहायचे. डोळ्यांना सवय होती हस्ताक्षराची, म्हणून लोकांनी हा छाप आपला मानला. एकोणिसाव्या शतकात मुंबईत छापलेल्या अरबी, फारसी आणि उर्दू किताबा जहाजांनी इराणला आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात. पूर्वी किताब आलिमाच्या हातात असे आणि लोक ती त्याच्या तोंडून ऐकत. आता ती आठवड्याच्या बाजारात विकत मिळू लागली. पण शेजारी बसून समजावणारा उस्ताद काही किताबेबरोबर विकत मिळत नव्हता. म्हणून नव्या लेखकांना लिहिण्याची रीत बदलावी लागली. किताबेलाच उस्ताद व्हावे लागले.

हे सर्व बोलत आम्ही जे. जे. उड्डाणपुलाच्या सावलीतून मोहम्मद अली रोडवर आलो. एका जुन्या दुकानात शिरलो. छतापर्यंत किताबा आणि गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे चाचा. आम्ही यादी पुढे केली. त्यांनी ती वाचलीच नाही. चष्म्यावरून पाहत एवढेच विचारले, “पढेगा कौन?”

मुसहफचे काम लगेच झाले, कारण वाचणारा समोर उभा होता. चाचांनी विचारले, “कितनी लाइन का?” तेरा, पंधरा, सोळा, अठरा, किती तरी प्रकार. हिफ्ज करणारा मूल शब्दांबरोबर जागाही पाठ करतो. ही आयत डाव्या पानावर, वरून चौथ्या ओळीत. मुसहफ बदलला की शब्द तेच राहतात, पण पान हरवते आणि मूल अडखळते. म्हणून उस्तादांचा आग्रह असतो की शेवटपर्यंत एकच छाप ठेवा. समासातल्या ऐनच्या खुणेचा अर्थ चाचांनी धाकट्याला समजावून सांगितला. वरचा आकडा सूरहमधल्या रुकूचा क्रमांक, मधला त्या रुकूतल्या आयतींची संख्या आणि खालचा पाऱ्यातल्या रुकूचा क्रमांक. ही रुकूची खूण आपल्या उपखंडातल्या छापांत असते, मदीनेच्या छापात नसते. कुठे थांबावे आणि किती वाचून आज पुरे म्हणावे, हे किताब अशा बारीक खुणांतून वाचणाऱ्याला सांगत असते. दादींसाठी ठळक अक्षरांचा कुरआनही मिळाला.

मग आमची लेक पुढे आली. चाचांनी सवयीने ‘बहिश्ती जेवर’ काढली. पिढ्यान् पिढ्या मुलींना रुखसतीच्या वेळी दिली गेलेली ही किताब. मौलाना अशरफ अली थानवी (रह.) यांनी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली. शिक्षक म्हणून आम्हाला तिचे कौतुक वाटते ते तिच्या रचनेचे. पहिल्याच भागात अलिफ-बे आहे आणि पत्र कसे लिहावे तेही आहे. पुढे नमाज-रोजाचे मसाइल, निकाह, व्यवहार, चांगल्या स्त्रियांचे किस्से, औषधे, अगदी घरचा हिशेब आणि पाककृतीसुद्धा. लेखकाने गृहीत धरले होते की वाचणारी मुलगी शाळेत जाणार नाही, घराबाहेरही फारशी पडणार नाही. म्हणून तिला लागेल ते सर्व एकाच किताबेत बांधून त्यांनी ती तिच्या दारात पोहोचवली. जिच्याशी दीनच्या बाबतीत थेट कोणी बोलत नव्हते, तिला ‘तू शिकू शकतेस’ असे या किताबेने सांगितले. तिच्या बळावर कित्येक नान्या-दाद्या मोहल्ल्यातल्या बायकांना मसाइल सांगू लागल्या.

पण किताबेच्या मनात एक ठरावीक वाचक असतो, हेही इथेच दिसते. ती मुलगी उत्तर हिंदुस्थानातली आहे, उर्दू बोलणारी आहे आणि हनफी आहे. आपण कोकणातले बहुसंख्य शाफई. वुजू कशाने तुटते, फातिहा इमामाच्या मागे पढायची की नाही, फजरमध्ये कुनूत आहे की नाही, असे कित्येक मसाइल वेगळे. आमच्या लेकीने दोन-चार पाने उलटली, वडिलांकडून दोन ओळी वाचून घेतल्या आणि म्हणाली, “अम्मी, ही छान आहे, पण ही दुसऱ्या कोणाशी तरी बोलतेय.” चाचांनी न रागावता किताब मिटली. “सही बोली बच्ची,” म्हणाले.

मग त्यांनी देवनागरीतल्या किताबांचा कप्पा दाखवला. आता जास्त विक्री याचीच, असे त्यांचे म्हणणे. त्यात अरबी मजकूर देवनागरी अक्षरांत लिहिलेले पारेही होते. ते आम्ही घेतले नाहीत. देवनागरीत कल्ब लिहिले तर ते मोठ्या काफचे की छोट्या काफचे, ते कळत नाही. एकाचा अर्थ हृदय, दुसऱ्याचा कुत्रा. से, सीन आणि सुआद या तिघांचा एकच ‘स’ होतो. अनुवाद आपल्या लिपीत असावा, तिलावत मात्र अरबी हरफांवरूनच व्हावी. आलिमही हेच सांगतात. ज्या मुलाला अरबी येत नाही, त्याच्यासाठी वीस-पंचवीस पानांचा कायदा कधीही सोपा.

अखेर हातात आला तो अरबी मजकुरासह मराठी अनुवाद. लेकीने उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि लगेच प्रश्न आला, “तक्वासाठी इथे ईशभय लिहिलेय. तक्वा म्हणजे फक्त भीती?” आम्ही सांगितले की त्या शब्दाच्या मुळाशी स्वतःला जपणे, सावरणे हा अर्थ आहे. काटेरी वाटेने जाताना कपडे सावरून चालावे तसे. अनुवादकापुढे हा पेच नेहमीचाच. रोजा ठेवावा की उपवास लिहावा, आखिरत म्हणावे की परलोक? दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (रह.) यांच्या दोन मुलांनीही हा पेच सोडवला आणि दोघांनी दोन रीतींनी. शाह रफीउद्दीन यांनी उर्दूत शब्दाला शब्द ठेवला, तर शाह अब्दुल कादिर यांनी 1790 च्या सुमारास दिल्लीच्या बोलचालीची भाषा घेतली. एकाने मजकुराची अमानत जपली, दुसऱ्याने ऐकणाऱ्याची सोय पाहिली. गरज दोघांचीही होती. मराठीत हे काम अजून पुष्कळ व्हायचे आहे आणि ते मराठी शाळांत शिकणारी आपली मुलेच करतील. मुलीचा प्रश्न त्या कामाची सुरुवात आहे, असे आम्ही मानतो.

रात्रीच्या गाडीने गावी परतलो. दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर लेकीने दादींना विचारले, कोणती सूरह वाचू? दादी म्हणाल्या, सूरह रहमान. ही सूरह त्यांना लग्नाआधीपासून तोंडपाठ आहे. त्यांनी अरबी पढावे आणि नातीने मराठी वाचावे, असे ठरले. दोन समुद्र आले, मोती-पोवळी आली, मग समुद्रात डोंगरांसारखी उभी दिसणारी जहाजे आली. दादींनी हात वर करून थांबवले. दादा उमेदीची सगळी वर्षे जहाजावर खलाशी होते. चिठ्ठी सहा-सहा महिन्यांनी यायची आणि दादी रोज हीच सूरह पढून त्यांच्यासाठी दुआ मागायच्या. “यात जहाजे आहेत?” त्यांनी विचारले. लेकीने तीच आयत पुन्हा वाचली. दादी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पुढे वाच.”

तेव्हापासून मगरिब आणि इशाच्या मध्ये पंधरा मिनिटे हा क्रम चालू आहे. दादी पढतात, नात अर्थ वाचते, धाकटा पान दाखवतो आणि अडले तिथे आम्ही उर्दू तर्जुम्यात पाहतो. चौघांना चार किताबा लागतात, पण बैठक एकच आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी मुंबईला जाल तेव्हा किताब जरूर आणा. मात्र निघण्यापूर्वी घरी बसून चाचांच्या प्रश्नाचे उत्तर ठरवा. पढेगा कौन? आणि त्याच्याच जोडीला हेही ठरवा की ऐकणार कोण.