बागबाजारात बाग कुठे आहे?

बागबाजारात बाग नाही. आमचा पत्ता ऐकून नागपूरच्या प्रत्येक नातेवाइकाने फोनवर "वा, बागेतच राहायला गेलात की!" असं म्हटलं, म्हणून हे आधीच सांगून टाकते. उत्तर कोलकात्यातली ही जुनी वस्ती म्हणजे एकमेकांना चिकटलेली घरं, हिरव्या लाकडी झडपांच्या खिडक्या, अरुंद गल्ल्या आणि पलीकडे गंगा. इथले लोक हुगळीला गंगाच म्हणतात. अठराव्या शतकात इथे पेरिन नावाच्या एका इंग्रज कप्तानाची बाग होती, कंपनीचे साहेब तिथे हवा खायला यायचे आणि तिच्यावरून वस्तीला हे नाव पडलं, असं सांगतात. ती बाग कधीच गेली, नाव तेवढं उरलं.

बाबांची इथे बदली झाली तेव्हा या गोष्टीने मला काही फरक पडला नाही. मी घरी बसून लेख लिहिते. लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की माझं भागतं. फरक पडला तो आजीला. ती एकोणऐंशी वर्षांची आहे. लग्नानंतरचं सगळं आयुष्य तिने नागपूरच्या महालात काढलं. सकाळी गांधीसागर तलावाकाठी फेरी, रविवारी महाराजबाग आणि घरी परसात जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, एक लिंबाचं झाड. आजोबा गेल्यावर तिला तिथे एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ती आमच्याबरोबर आली. इथे दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आल्यावर पहिले तीन महिने ती जिना उतरलीच नाही. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. "कुठं चालू? गाड्यांमधून?" एवढंच ती म्हणायची. पुढे पुढे तेही म्हणेनाशी झाली. गुडघ्यांपेक्षा आम्हाला त्याचीच जास्त काळजी वाटायला लागली. त्यातच महालातलं घर विकायचं की ठेवायचं, हा विषय बाबा आणि काका फोनवर दबक्या आवाजात बोलायचे, आणि आजीला सगळं ऐकू यायचं.

त्या दिवसांत कामासाठी मी ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या गावाबद्दल लिहीत होते. गावाचं नाव कावरा, सिडनीपासून साधारण तीनशे किलोमीटरवर. दुसऱ्या महायुद्धात तिथे जपानी युद्धकैद्यांची छावणी होती. ऑगस्ट १९४४ मध्ये हजाराहून जास्त कैद्यांनी कुंपण तोडून पळायचा प्रयत्न केला आणि त्यात २३१ जपानी मेले. चार ऑस्ट्रेलियन सैनिकही मेले. पुढे त्याच गावाने १९७९ मध्ये एक मोठी जपानी बाग उघडली. केन नाकाजिमा या जपानी वास्तुकाराने तिची आखणी केली. आज लोक ती बघायला म्हणून त्या गावाला जातात. ही गोष्ट मोठीच आहे, पण माझं लक्ष वेधलं ते तिकडच्या पर्यटन माहितीच्या पानांनी. बाग किती साली झाली याच्या बरोबरीने तिथे लिहिलेलं असतं की सावली कुठे आहे, स्वच्छतागृह कुठे आहे, चाकाची खुर्ची कुठपर्यंत जाते. आपल्याकडच्या माहितीफलकावर राजाचं नाव असतं, बाकाचा पत्ता नसतो. म्हटलं, आपल्या घरासाठी अशी यादी आपणच करू. आजी कुठे पोहोचू शकेल, कुठे बसू शकेल, एवढंच बघायचं.

सगळ्यात जवळचा म्हणून आधी बागबाजार घाट पाहिला. वारा सुरेख, पण मध्ये चक्ररेलचे रूळ ओलांडायचे आणि पुढे पायऱ्या. बाद. श्यामबाजारचं देशबंधू पार्क मोठं आहे, चालायला रस्ता चांगला आहे, पण सकाळी तिथे इतकी मंडळी इतक्या वेगाने चालत असतात की आजी फाटकातच थबकली. तिच्या मते ती बाग नव्हे, मैदान.

खरी सुरुवात झाली काशीपूरला. बागबाजारच्या उत्तरेला कालवा ओलांडला की काशीपूर लागतं आणि तिथे 'उद्यानबाटी' आहे, म्हणजे बागेतलं घर. रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला, तेव्हा ते श्यामपुकुरच्या दाटीवाटीतल्या घरात होते. मोकळ्या हवेत न्या, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं आणि डिसेंबर १८८५ मध्ये शिष्यांनी ही बागवाडी भाड्याने घेतली. १ जानेवारी १८८६ला बरं वाटलं म्हणून ते बागेत फिरायला उतरले. तो दिवस इथे अजून 'कल्पतरू दिवस' म्हणून पाळतात, आणि त्या दिवशी इतकी गर्दी होते की म्हाताऱ्या माणसांना घेऊन मुळीच जाऊ नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी इथेच देह ठेवला. एरवी मठ शांत असतो. दुपारी बंद असतो, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जायचं. आजीला मी हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे त्यांनाही डॉक्टरनं चालायलाच सांगितलं होतं." तिथल्या आवारात ती चाळीस मिनिटं होती. त्यातली दहा चालण्यात आणि तीस एका झाडाखाली बसण्यात गेली. आम्ही हिशेब घातला नाही.

त्यानंतर गौरीबेडियाजवळचं पारसनाथाचं जैन मंदिर. राय बद्रीदास यांनी १८६७ मध्ये बांधलेलं हे शीतलनाथांचं मंदिर काचेच्या तुकड्यांनी नुसतं लखलखतं, आणि पुढे आखीव बाग, पुतळे, मासे असलेलं तळं. लहान मुलं बरोबर असतील तर आधी इथेच या, मासे बघण्यात त्यांचा तास जाईल. आजीने मात्र "फार सजवलंय" म्हणून नाक मुरडलं. मला ते नाक मुरडणंही आवडलं. किती दिवसांनी तिला कशाबद्दल तरी मत होतं.

मोठी मोहीम होती ती शिवपूरच्या वनस्पती उद्यानाची. बागबाजारहून लाँचने हावडा आणि तिथून टॅक्सी. लाँचमध्ये चढताना हात द्यावा लागतो, पण तिथले लोक न सांगता देतात. १७८७ मध्ये रॉबर्ट किड याने सुरू केलेली ही बाग १०९ हेक्टरांची आहे, म्हणजे सगळी बघायच्या भानगडीत पडूच नका. सरळ वडाकडे जा. अडीचशे वर्षांहून जुना मानतात तो वड. बुरशी लागल्याने त्याचं मूळ खोड १९२५ मध्ये कापून काढावं लागलं. आता तो हजारो पारंब्यांवर उभा आहे आणि पसरतोच आहे. भोवती ३३० मीटरचा रस्ता केला होता, तोही ओलांडून झाड पुढे गेलंय. आजीने मला तीनदा विचारलं, "खोड नाही? नक्की?" मग ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. परतताना टॅक्सीत तिने बाबांना सांगितलं, घराचं काय ते तुम्ही दोघं भाऊ उघड बोला, मला लपवून नको. त्या संध्याकाळी तीन राज्यांतून फोन झाले, रडारडही झाली. निर्णय झाला नाही, पण दबका आवाज संपला.

आता एक गंमत सांगायलाच हवी. आमच्यापासून जवळच 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे. डिच म्हणजे खंदक. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा १७४२ मध्ये घाबरलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याची सुरुवात बागबाजारकडूनच. सात मैलांचा ठरला होता, तीनेक मैल खणून झाला, आणि मराठे काही शहरात आले नाहीत. पुढे तो बुजवून त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड केला. पण बंगालच्या खेड्यांनी जे भोगलं ते खोटं नाही. मुलांना झोपवताना 'बर्गी आले' म्हणून भीती घालणारं अंगाईगीत इथे अजून सगळ्यांना पाठ आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. घरमालकीणबाईंनी, त्यांना आम्ही माशीमा म्हणतो, पहिल्याच आठवड्यात हसत हसत ते म्हणून दाखवलं होतं. आजीला अर्थ सांगितला तेव्हा ती चक्रावली. तिच्यासाठी भोसले म्हणजे बागा. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी, सगळ्या भोसल्यांच्याच. "त्यांनी आमच्याकडं बागा केल्या आणि इथं हे करून राहिले होते?" असं ती माशीमांना चक्क विचारून आली, मराठीतच. माशीमांना शब्द कळले नसतील, पण त्यांनी चहा पाजला.

त्या दोघींचं आता भलतंच जमलंय, तेही फुलांच्या नावांवर. जास्वंद म्हणजे जबा, मोगरा म्हणजे बेल, पारिजातक म्हणजे शिउली, गोकर्ण म्हणजे अपराजिता. अनंताला इथे गंधराज म्हणतात, हे आजीला अतिशय पटलं. सोनचाफ्यावर मात्र भांडण झालं, कारण माशीमा 'चाँपा' म्हणत होत्या आणि आजीला वाटलं त्या वेगळ्याच चाफ्याबद्दल बोलतायत.

आणि रविवारी गॅलिफ स्ट्रीट. खरं तर यादीत हे नाव नव्हतंच, माशीमांनी घातलं. दर रविवारी सकाळी या रस्त्यावर रोपं, कुंड्या, माती, शोभेचे मासे, पक्षी यांचा बाजार भरतो. पक्ष्यांचे पिंजरे बघून मला कसंसंच होतं, मी त्या बाजूला जात नाही. रोपांच्या बाजूला मात्र आजी महालातल्या बाजारात फिरावं तशी फिरते. बसायला जागा नाही, सावली नाही, जमीन ओबडधोबड, स्वच्छतागृहाचा पत्ता नाही. माझ्या यादीच्या हिशेबाने पूर्ण नापास जागा. आणि इथे ती दीड तास चालते. थांबते, पान चुरगळून वास घेते, विक्रेत्याला नागपुरी मराठीत भाव विचारते, तो बंगालीत सांगतो, ती अर्ध्यावर आणते.

सध्या गच्चीवर माशीमांच्या परवानगीने आमच्या सात कुंड्या आहेत. कढीपत्ता नीट धरत नाहीये. पावसाळ्यात पाणी साचून एकदा मेला, दुसरा लावलाय. महालातल्या घराचं काय करायचं ते दिवाळीला काका आले की ठरेल. आजीने काकांना एवढंच कळवलंय की येताना परसातल्या लिंबाच्या बिया आण, इथली लिंबं लांबट असतात.