अब्बांचा हुनर

अब्बांनी आयुष्यभर लोकांच्या फर्निचरला पॉलिश केले; आमच्या घरात मात्र चटईच होती. आता त्यांचे गुडघे वाकत नाहीत. म्हणून आम्ही नवरा-बायकोने ओशिवऱ्याच्या जुन्या बाजारातून दोन सागवानी खुर्च्या आणल्या. शाळा सुटल्यावर रोज थोडे काम. जुना रंग खरवडला. 80, 120, मग 220 नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवला. बैठकीतला कुजका काथ्या काढून फोम बसवला, त्यावर रेक्झिन ताणून खिळे ठोकले. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात देताना अब्बा पलंगावरून सांगत, "दमट हवेत नको बेटा, पांढरे डाग पडतात." प्लास्टिकच्या खुर्च्या स्वस्त पडल्या असत्या, पण अब्बांचा हुनर त्यांच्याबरोबरच गेला असता. खुर्चीत बसून त्यांनी हातावर बोटे फिरवली. म्हणाले, "अजून एक हात द्या."