चालत्या मशीनची डिस्क हलवताना

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरच्या बळावर चालणारा आभासी संगणक, आपली डिस्क म्हणून जे वापरते ते बहुधा स्टोरेजवरची एक मोठी फाइल असते. जुने स्टोरेज बदलताना मशीन बंद न करता ही फाइल नव्या जागी नेणे नाजूक ठरते, कारण कॉपी चालू असतानाही मशीन त्याच डिस्कवर लिहीत राहते.

व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअर कंपनीच्या २००७ मधील ईएसएक्स ३.५ ने यासाठी स्नॅपशॉटचा आधार घेतला. मूळ फाइल गोठवून नवे लेखन वेगळ्या फाइलमध्ये वळवायचे आणि नंतर ते मिसळून टाकायचे. याच कंपनीच्या २००९ च्या व्हीस्फिअर ४ मध्ये बदललेल्या ब्लॉकांची, म्हणजे डिस्कच्या ठरावीक तुकड्यांची, नोंद ठेवून तेवढेच तुकडे पुन्हा कॉपी होऊ लागले. मात्र सतत लिहिणारा डेटाबेस आणि संथ नवे स्टोरेज अशी गाठ पडली की कॉपी मागेच पडत राही. २०११ च्या व्हीस्फिअर ५ मधील मिररिंग हे या सर्वांतले देखणे उत्तर होय. त्यात कॉपी एकदाच, सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरकते. लेखन कॉपी झालेल्या भागात आले तर ते दोन्ही ठिकाणी होते, न झालेल्या भागात आले तर फक्त जुन्या ठिकाणी, कारण कॉपी तेथे पुढे पोहोचणारच असते, आणि नेमक्या कॉपी होत असलेल्या तुकड्यावर आले तर तेवढा वेळ थोपवले जाते. नवे स्टोरेज संथ असेल, तर त्याची झळ मशीनच्या लेखनाला बसते, पण काम अडकून पडत नाही.

केव्हीएम या लिनक्सवरील प्रणालीत मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टची ‘ब्लॉककॉपी’ ही डिस्क हलवण्याची आज्ञा वापरणाऱ्याला एक गोष्ट ओळखावी लागते: पडद्यावर १०० टक्के दिसले तरी काम संपलेले नसते. दोन्ही प्रती जुळत्या राखणे चालूच असते. ‘पिव्हट’ म्हटल्यावर मशीन नव्या फाइलवर जाते, ‘अबॉर्ट’ म्हटल्यास जुन्या फाइलवरच राहते. हा टप्पा घाईने ओलांडू नये, कारण विनासायास माघार घेता येण्याची ही शेवटची जागा असते.

पिव्हटनंतरच्या पहिल्याच लेखनाने जुनी फाइल शिळी होते, आणि डिस्कवरील फाइलसिस्टीम, म्हणजे फाइलींची मांडणी, आधीच बिघडलेली असेल तर तो बिघाडही नव्या जागी जसाच्या तसा पोहोचतो. म्हणून स्थलांतराला हात घालण्यापूर्वी वेगळा बॅकअप घ्यावा, आणि तो पूर्ववत उभा राहतो हे प्रत्यक्ष करून पाहावे.