सात आणि आठ

परवा गावाहून दादाचा फोन आला. विषय जुनाच, सामाईक विहीर. आठवड्याच्या ७ पाळ्यांपैकी ४ थोरल्या काकांच्या, कारण त्यांची जमीन जास्त. उरलेल्या ३ मध्ये आम्ही आणि धाकटे काका. पाळ्यांचं एक वेळ सोडा, पण गाळ कधी काढायचा, मोटर कुठली घ्यायची, हेही चार पाळीवालाच ठरवतो. दादाला वाटणी घरटी सारखी हवी आहे. आता बाबा नाहीत, त्यामुळे सही माझी लागणार.

फोन ठेवला आणि इथलंच आठवलं. आमच्या सॅन अँटोनिओचं बरंचसं पाणी एडवर्ड्स नावाच्या भूजलसाठ्यातून येतं. हा साठा कितीतरी काउंट्यांच्या पोटाखाली पसरलाय. पश्चिमेला युव्हाल्डी आणि मेडिना, तिथे शेती. मध्ये आमची बेअर काउंटी, २० लाख वस्तीची. पूर्वेला कोमाल आणि हेज, तिथे याच पाण्याचे झरे फुटतात. म्हणजे विहीर एकच, भाऊबंद अनेक!

१९९३ साली टेक्सासने कायदा करून या साठ्यासाठी प्राधिकरण नेमायचं ठरवलं. आधी बोर्डावर नेमलेले लोक बसणार होते. ते मतदान हक्काच्या कायद्यात अडकलं, म्हणून १९९५ साली निवडून दिलेलं बोर्ड ठरलं. मताचा अधिकार १५ जणांना: बेअरचे ७, पश्चिमेचे ४, पूर्वेचे ४.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रागच आला होता. डोकी मोजली तर आम्ही निम्म्याहून कितीतरी जास्त, मग ७ च का? आता वाटतं, सगळी गंमत त्या सातातच आहे. बहुमताला ८ लागतात. शहराला एकट्याच्या जोरावर काही रेटता येत नाही, कुणाला तरी सोबत घ्यावंच लागतं. उलट पूर्व-पश्चिम एक झाले तर त्यांचे ८ होतात. मोठ्याला मोठा वाटा मिळालाय, पण शेवटचा शब्द मिळालेला नाही.

मी दादाला उलट फोन केला. म्हटलं, ३-२-२ करूया. काकांची जमीन जास्त आहे, ते नाकारून कसं चालेल? पण ४ नकोत.

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "काकांना सांगणार कोण?"

खरंय. इतक्या लांबून सल्ला द्यायला काय जातं! एक पाळी जाणार ती काकांची, आणि लहानपणी मला त्याच विहिरीत पोहायला शिकवलं तेही काकांनीच.

असो. काका, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. रविवारी फोन करतो.