आखडणाऱ्या बिडासाठी जागा

वाळू मुठीत घ्यायची, आवळायची आणि मूठ उघडायची. गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उमटले, गोळा मधोमध मोडला आणि मोडलेल्या कडा धारदार राहिल्या, की वाळू लागली म्हणायचे. तळहाताला ओल चिकटली तर पाणी जास्त झाले, कडा भुसभुशीत होऊन गळल्या तर कमी पडले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले, ओतकामाचे साचे ठोकणारे जुने मोल्डर पाळीवर आले की आधी हे करत. आता शिरोलीच्या नि गोकुळ शिरगावच्या मोठ्या फौंड्र्यांत ओल मोजायला यंत्र आहे. तीन, साडेतीन टक्के असा आकडा ते दाखवते. तरीही वाळूच्या ढिगाजवळून जाणारा जाणता माणूस खाली वाकून मूठ भरतोच. मला ते वाकणे फार आवडते.

माझे मामा पॅटर्न मेकर होते. ओतकामात त्यांचे काम सगळ्यांच्या आधीचे आणि भट्टीपासून सगळ्यात लांबचे. त्यांच्या शेडमध्ये धूर नव्हता. सागवानाचा भुसा, सरसाचा वास, भिंतीवर रांगेने अडकवलेल्या सपाट आणि गोल पटाश्या, आणि फळीवर पिना टोचून लावलेले ड्रॉइंग. त्या ड्रॉइंगवरून मामा यंत्राचा भाग आधी लाकडात घडवत. तो लाकडी भाग वाळूत बसवायचा, भोवती वाळू ठोकायची, मग अलगद उचलून घ्यायचा. मागे जी पोकळी राहते तिच्यात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस ओतायचा. पंचगंगेचे पाणी उचलून उसाला द्यायचे तर पंप हवा, पंपाला ऑइल इंजिन हवे, ऊस गाळायला चरक हवा. या गरजांतून कोल्हापुरात ओतकाम वाढले, आणि त्या इंजिनाचा सिलिंडर, फ्लायव्हील, पंपाचे केसिंग, चरकाचा रोलर असा प्रत्येक भाग आधी कुणाच्या तरी हातून लाकडात जन्मला होता.

मामांच्या हत्यारपेटीत पोलादी पट्ट्या अनेक होत्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांच्या खुणा जुळत नसत. एका पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंचाने लांब होता. ती बिडासाठी. पोलादाच्या पट्टीवर तोच फूट पाव इंचाने लांब. ॲल्युमिनियमची दोहोंच्या मधली. ओतलेला धातू थिजल्यावर थंड होताना आकसतो, बीड साधारण शेकडा एक, पोलाद शेकडा दोन. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि दर मापाला गणित मांडत बसायला नको म्हणून पट्टीच तशी आखलेली. मामा म्हणत, "लोखंड आखडतंय. त्याचं त्याला आखडू द्यायचं. आपण आधीच जागा सोडायची."

या बोलण्याभोवती मी पुष्कळ वर्षे फिरतो आहे. ड्रॉइंगशी तंतोतंत जुळणारा पॅटर्न केला तर कास्टिंग चुकणार, हे ठरलेले. बरोबर माप हातात यावे म्हणून आधी जाणूनबुजून वेगळे माप धरायचे. पॅटर्न वाळूतून उचलताना कडा मोडू नयेत म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा. जिथे पुढे लेथवर कापायचे आहे तिथे दोन-तीन मिलिमीटर जास्तीचे अंग ठेवायचे. आतले कोपरे काटकोनात सोडायचे नाहीत, मेण किंवा चामड्याची पट्टी बसवून ते गोलसर करायचे, कारण टोकदार कोपऱ्यात बीड नीट थिजत नाही आणि तडा तिथूनच जातो.

खरी कसोटी त्याच्याही पुढे आहे, कारण शेकडा एक हा आकडासुद्धा सगळीकडे सारखा लागू पडत नाही. भरीव ठोकळा मोकळेपणाने आखडतो. आत वाळूचा गाभा असलेले कडे आखडू पाहते, पण गाभा त्याला अडवतो, आणि ते कमी आखडते. लेथच्या बेडसारखा लांबलचक भाग एका अंगाने जाड, दुसऱ्या अंगाने पातळ असतो. दोन्ही अंगे वेगवेगळ्या वेळी थंड होतात आणि बेड वाकतो. म्हणून जाणता मिस्त्री त्याचा पॅटर्नच उलट बाजूने किंचित कमानदार करतो. वाकून सरळ होईल, असा. हे कोणत्याही पट्टीवर छापलेले नसते. अमुक जातीचे काम अमुक फौंड्रीत किती आखडले, हे पाहून, मोजून, लक्षात ठेवून ते हातात मुरते. माझ्या मते अचूकपणा म्हणजे हेच. धातू पुढे कसा वागेल ते आधी ओळखायचे आणि त्याच्या वागण्याला जागा करून द्यायची.

आपल्या भूमीत ही ओळख फार जुनी आहे. 1974 मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबादला सापडलेली कांस्य शिल्पे, रथ, हत्ती, गेंडा, रेडा, सगळी मिळून साठ किलोंहून जड आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मेणाच्या नमुन्यावरून मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचे, आणि त्या रिकाम्या जागेत धातू ओतायचा. धातू किती घ्यावा? मेण तोलून घ्यावे. पितळ त्याच्या आठ किंवा दहा पट, चांदी बारा पट, सोने सोळा पट. घनतेचे कोष्टक हाताशी नसलेल्या काळात हे आकडे कुणीतरी ओतून ओतून बसवले आहेत. मामाही पॅटर्न हातात तोलून कास्टिंगचे वजन सांगत. साग असेल तर सुमारे अकरा पट. मेण जाऊन लाकूड आले, बाकी हिशेब तोच.

पॅटर्न फौंड्रीत गेला की मोल्डरचे राज्य सुरू होते. पेटीचे दोन भाग, खालचा ड्रॅग आणि वरचा कोप. सिलिका वाळूत बेंटोनाइट माती, दगडी कोळशाची पूड आणि पाणी. पॅटर्नच्या अंगालगत बारीक चाळलेली वाळू आधी हाताने दाबायची, कारण कास्टिंगची त्वचा म्हणजे त्या वाळूचा ठसा असतो. मग रॅमरने ठोकायचे. ढिले ठोकले तर बिडाच्या वजनाने भिंत मागे सरते आणि कास्टिंग फुगते. फार घट्ट ठोकले तर वाफेला वाट राहत नाही आणि बिडात ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, पडतात. म्हणून तारेने वाळूत बारीक छिद्रे पाडायची. ओतताना त्या छिद्रांतून निघणारा वायू पेट घेतो आणि पेटीच्या अंगावर निळ्या ज्योती नाचू लागतात. रात्रपाळीत ते दृश्य पाहिलेल्या माणसाला मी काय वर्णन करून सांगणार!

आणि कोअर. ओतकामात मला सर्वांत विलक्षण वाटते ते कोअर. सिलिंडर पोकळ हवा, तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा साच्यात ठेवावा लागतो. पूर्वी वाळूत जवसाचे तेल आणि मळी कालवून कोअर भट्टीत भाजत. पुढे सोडियम सिलिकेट आले, त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडला की कोअर मिनिटभरात दगडासारखा होतो. आता राळेने माखलेली वाळू वापरतात. कोणत्याही रीतीने केला तरी त्याच्याकडून अपेक्षा एकच. सुमारे साडेतेराशे अंशांचे बीड भोवती येईल तेव्हा हलायचे नाही, आणि बीड थिजले की विरघळल्यासारखे भुगा होऊन बाहेर पडायचे. बीड वाळूपेक्षा चार-साडेचार पट जड असते, त्यामुळे कोअर त्याच्यात तरंगू पाहतो. तो वर उचलला गेला तर सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते. म्हणून त्याची दोन्ही टोके वाळूतल्या खोबणीत पक्की बसवायची, आणि वरची पेटीही उचलली जाऊ नये म्हणून तिच्यावर लोखंडी वजने ठेवायची. खोबणी अर्धा मिलिमीटर ढिली असली तरी ते पुढे बोअरिंगला कळते.

ओतणे काही सेकंदांचे. रसाने भरलेले लेडल तिरपे होते, रस गेटमधून खाली उतरतो, रायझरच्या तोंडाशी वर येऊन चकाकतो आणि थांबतो. कास्टिंग आत आकसेल तेव्हा त्याला पुरवायचा रस त्या रायझरमध्ये राखून ठेवलेला असतो. मग थंड होईपर्यंत वाट पाहायची. त्यानंतर साचा फोडतात. इतक्या निगुतीने ठोकलेल्या साच्याचा जन्म एकाच ओतणीपुरता. वाळू चाळून, पुन्हा पाणी घालून, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेटीत जाते.

आज पॅटर्न बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, सीएनसी यंत्रावर कापलेले. बीड कुठे आधी थिजेल, कुठे पोकळी राहील, हे संगणक ओतण्याआधी रंगांत दाखवतो. काही ठिकाणी पॅटर्नशिवायच वाळूचा साचा थरावर थर छापला जातो. याचा मला आनंद आहे. कामगाराच्या फुप्फुसांत वाळू कमी जावी आणि भट्टीत परत जाणारी कास्टिंग्ज कमी व्हावीत, हे कुणाला नको आहे? फक्त एवढेच मनात येते, की त्या संगणकाला आकसण्याचे प्रमाण सांगणारी माणसे आधी सागवानावर ते शिकली होती, आणि त्यांच्या हातचे पॅटर्न आज कोल्हापुरात रद्दीच्या भावाने जात आहेत. अंघोळीच्या बंबात जळताना मी ते पाहिले आहेत. खोबण्या, उतार, मेणाने भरलेले कोपरे, सगळ्यांसकट.

तुमच्या घराच्या माळ्यावर, शेडच्या कोपऱ्यात असा एखादा जुना पॅटर्न असेल, तर तो जाळण्याआधी पुसून उजेडात आणा. जोडीला कोअर बॉक्स, म्हणजे कोअर घडवायचा साचा, आहे का, शोधा. कोणत्या इंजिनाचा, कोणत्या पंपाचा, कुणी केला, साधारण कोणत्या साली, हे एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारून त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा. आणि विचारायला जाल तेव्हा, त्याच्याकडे लांब फुटाची पट्टी असली तर तीही एकदा मागून बघा.