वरचा विस्तव

घरी केक-बिस्किटं करणं ही आपल्याकडे बाहेरून आलेली हौस आहे, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. वरण-भात, पोळी-भाकरी, फोडणी हे आपलं. ओव्हन साहेबाचा, आणि त्यातून निघेल ते वाढदिवसापुरतं. मला हे पटत नाही. ओव्हन नावाची पेटी मराठी घरांत उशिरा आली, हे खरं आहे. पण पदार्थाला सगळ्या बाजूंनी कोरडी आच द्यायची, मधे हात लावायचा नाही, आतून शिजू द्यायचं आणि वरून खरपूस होऊ द्यायचं, हे काम ती पेटी येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या चुलींवर चालत आलेलं आहे. चूल खालून पेटते. वरून आच कशी द्यायची, एवढाच प्रश्न होता, आणि तो बायकांनी घरातल्या भांड्यांनीच सोडवला. आज आपल्याला घरच्या भाजणीच्या, म्हणजे बेकिंगच्या, वासाने जे बरं वाटतं ते उसनं नाही, असं मी म्हणते ते या वरच्या विस्तवाच्या आधारावर.

चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरातलं निनाव घ्या. कणीक आणि बेसन तुपावर भाजतात, त्यात गूळ आणि नारळाचं दूध घालतात, जायफळ-वेलची लावून घट्ट होईपर्यंत ढवळतात आणि तूप लावलेल्या लंगडीत ओततात. इथवर हा पदार्थ वडीच्या वाटेवरचाच आहे. पुढे मात्र वाट बदलते. लंगडी मंद आचेवर जाते, तिच्यावर सपाट झाकण बसतं आणि झाकणावर निखारे पसरले जातात. तयार निनावाची कड भांड्यापासून सुटलेली असते, वरचा पापुद्रा गडद बदामी होतो आणि आतला गर मऊ, ओलसर राहतो. कोकणातलं धोंडसही याच जातीचं. मोठं जून तवसं किसायचं, तांदळाचा रवा भाजून घ्यायचा, गूळ आणि ओलं खोबरं घालायचं. किसाला सुटलेल्या पाण्यातच रवा फुलतो. सोडा नाही, अंडं नाही. जाड बुडाच्या भांड्यात, वर-खाली विस्तव ठेवून ते सावकाश भाजलं जातं आणि वरून तडकून तांबूस होतं. काकडीचा केक म्हणून त्याची ओळख करून देतात तेव्हा मला जरा खटकतं, कारण त्याला कुणाच्या ओळखीची गरज नाही.

गोव्यातल्या बेबिंकाची गोष्ट आणखी बोलकी आहे. पिवळा बलक आणि साखर यांचा सढळ हात हा पोर्तुगीज स्वयंपाकाचा, नारळाचं दूध इथलं. पण त्या थरांना रंग येतो तो वरच्या निखाऱ्यांमुळे. एक पळी पीठ ओतायचं, झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचा विस्तव ठेवायचा, थर तांबूस झाला की तूप सोडायचं आणि त्यावर पुढची पळी ओतायची. सात थर म्हणजे सात वेळा झाकण उचलणं आणि सात वेळा निखारे सांभाळणं. खालची आच इथे जवळपास बिनकामाची असते, उलट तिने तळाचा थर करपायचीच भीती. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण मान त्या झाकणालाही द्यायला हवा.

यावर एक आक्षेप येईल: झाकणावर चार निखारे ठेवून रंग आणणं वेगळं आणि बेकिंग वेगळं. हा आक्षेप रसायनाच्या कसोटीवर टिकत नाही. पदार्थात पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. म्हणून वाफेवरचा ढोकळा तासभर ठेवला तरी पांढुरकाच राहतो. दाबाखालच्या कुकरमध्ये पारा १२० अंशांपर्यंत चढतो, पण तिथेही सगळं ओलंच असतं. खरपूस रंग आणि त्याच्याबरोबर येणारा तो वास पृष्ठभाग सुकून साधारण १४० अंशांच्या पुढे गेल्यावरच जोरात येऊ लागतो. प्रथिनं आणि शर्करा यांची तेव्हा जी जुळणी होते ती केकच्या सालीत आणि निनावाच्या पापुद्र्यात एकच आहे. झाकणावरचा विस्तव नेमकं हेच करतो, वरचा भाग सुकवून त्या पल्याड नेतो. शिवाय ज्यांच्याकडून ही कला आपण घेतली असं म्हणतात, त्या युरोप-अमेरिकेतल्या साध्या घरांतही ओव्हनसकटची लोखंडी शेगडी रुळेपर्यंत असंच चालत होतं. कडा उचललेल्या झाकणाचं जाड बिडाचं भांडं, वर-खाली कोळसे, आणि पाव भाजायचा तर गावाची सामाईक भट्टी. पेटीवाला ओव्हन तिथेही एकोणिसाव्या शतकातच सर्वसामान्य घरात शिरला. युक्ती दोन्हीकडे एकच होती.

वरच्या विस्तवाचं हे नातं फक्त गोडाशी नाही. विदर्भातले रोडगे गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजतात. रायगडातली पोपटी तर मडक्यालाच ओव्हन करते: तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, तोंडाशी पुन्हा पाला, मग मडकं पालथं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब घातलेला नसतो. शेंगा स्वतःच्याच ओलाव्यात शिजतात आणि पाल्याचा कडसर वास धरतात.

नानकटाईने या कहाणीत वेगळी भर घातली. ती सुरतेकडून आली असं मानतात, आणि मराठी घरांनी ती अशी काही उचलली की कित्येक गावांत दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे बेकरीच्या दारात परातींची रांग. तिचं खरं काम पीठ घालण्याआधीच होतं. तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेटायचं. पिवळट, जड गोळा हळूहळू पांढरा होतो, हलका होतो, बोटाला मखमली लागतो. कण पाण्यात टाकला आणि तरंगला की पुरेशी हवा भरली. मग मैदा, थोडा रवा किंवा बेसन, चिमूटभर सोडा, वेलची. पाणी अजिबात नाही, कारण मैद्याच्या प्रत्येक कणाभोवती तूप बसलं तरच त्याचा चिकट ताण तयार होत नाही आणि बिस्किट तोंडात विरघळतं. तुपाच्या जागी पुढे डालडा आला. १९३७ पासून बाजारात असलेल्या त्या पिवळ्या डब्याने नानकटाई स्वस्त केली, चव मात्र थोडी हरवली. गोळे पत्र्यांवर मांडायचे आणि भट्टीत द्यायचे. लाकडाच्या भट्टीत पावाला आधी कडक आच लागते. पाव निघाले, विटांची धग उतरू लागली, की नानकटाईची वेळ. म्हणजे घरचं पीठ, घरचं तूप, घरचा हात, आणि बेकरीवाल्याची उतरती धग. घर आणि धंदा यांच्यात इतका सरळ व्यवहार क्वचितच पाहायला मिळतो. किलोमागे ठरलेली मजुरी द्यायची आणि डबे भरून न्यायचे. मुंबईत २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर नेण्याचा तगादा सुरू झाला. दाट वस्तीतल्या फुप्फुसांचा विचार केला तर त्याला विरोध करणं मला बरोबर वाटत नाही. पण बेकरीने भट्टी बदलताना घरचे पत्रे घेण्याची प्रथा बंद करू नये, असं मात्र फार वाटतं.

घरातला वरचा विस्तव गेला तो त्याच्याही आधी. चुलीच्या जागी स्टोव्ह आला, मग गॅस. १९६५ मध्ये इंडेनची पहिली जोडणी झाली, पुढच्या काही दशकांत सिलिंडर गावोगाव पोचला, आणि धूर गेला ही फार मोठी सुटका झाली. त्याबरोबर निखारेही गेले. निनाव, धोंडस यांसारखे पदार्थ अनेक घरांतून मागे पडले, त्यामागे आवडीनिवडीइतकंच हेही कारण असावं. वरून आच देणारं काही उरलंच नाही. या पोकळीत कुकरचा केक जन्माला आला. शिट्टी काढायची, रबरी रिंग काढायची, तळाला दोन बोटं वाळू किंवा जाडं मीठ पसरायचं, त्यावर वाटी पालथी घालून तिच्यावर डबा. रिंग काढायची ती वाफ कोंडू नये म्हणून, कारण दाब धरला तर केकऐवजी उकडलेला गोळा हाती येतो. वाळू ज्योतीची धग अडवते, पसरवते आणि धरून ठेवते, म्हणून तळ करपत नाही. वाढदिवसाच्या दिवशी मैदा, दही, साखर, सोडा किंवा कंडेन्स्ड मिल्कचा डबा एवढ्यावर हजारो घरांनी ही भट्टी चालवली. तिच्यात एकच उणीव होती आणि ती महत्त्वाची होती: केकचा माथा फिकट राहायचा. झाकण पुरेसं तापत नाही, वरचा विस्तव नाही. म्हणून केक पालथा करून तळाची तांबूस बाजू वर मांडायची पद्धत पडली. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्याचा तो गोल विजेचा ओव्हन आला, झाकणाला मधोमध काचेची खिडकी असलेला, तेव्हा त्याचं एवढं कौतुक का झालं हे यातून कळतं.

दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. मैदा, साखर, वनस्पती तूप रोज खाण्याच्या गोष्टी नाहीत. पण हा आक्षेप पदार्थावर आहे, पद्धतीवर नाही. तवसं, गूळ, तांदळाचा रवा आणि खोबरं यांना तो लागू पडतो असं कोण म्हणेल? ज्वारी-नाचणीची पिठं भाजणीला उत्तम चालतात. त्यांना ताण नसतो, म्हणून पाव नीट होत नाही, पण बिस्किट छान खुसखुशीत होतं. तिसरा आक्षेप व्यवहाराचा: कोपऱ्यावर बेकरी असताना घरी खटाटोप कशाला? खारी, टोस्ट, पाव बेकरीनेच करावेत, त्यांना लागणारी मोठी धग घरात येत नाही. पण निनाव बेकरीत सहसा मिळत नाही, आणि तव्यावरून थेट ताटात येणाऱ्या पोळीची ताजी ऊब बांधून विकता येत नाही, तीच गोष्ट नुकत्या कापलेल्या धोंडसाची.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. हे सगळं कौतुक बायकांच्या श्रमावर उभं आहे. निखारे फुंकताना त्यांच्या डोळ्यांत गेलेला धूर या वर्णनांत दिसत नाही. हे खरं आहे, आणि चुलीकडे परत जा असं म्हणणाऱ्याशी माझं कधीच पटणार नाही. पण घरच्या स्वयंपाकात भाजणी हा एक प्रकार असा आहे की भांडं आत गेलं की हात मोकळा होतो. पोळ्या लाटणारीला उठता येत नाही, फोडणी सोडून जाता येत नाही. केक लावणाऱ्या माणसाला चाळीस मिनिटं स्वतःची मिळतात, आणि हे पीठ भिजवणं कुणी करायचं याबद्दल रूढीने अजून काही ठरवलेलं नाही, म्हणून मुलगे आणि पुरुष या कामाकडे सहज वळतात. २०२० च्या टाळेबंदीत बिस्किटांचा चुरा, दूध आणि इनो यांचा केक घरोघर झाला, तो करणाऱ्यांत आधी कधी ओट्याकडे न फिरकलेले किती तरी हात होते. मन निवतं ते केवळ गोडाने नाही. हात लावून बिघडवता येत नाही, घाई करून वाढवता येत नाही, नुसतं थांबावं लागतं, आणि घरभर वास पसरतो. दमलेल्या माणसाला त्यातली किमान एक गोष्ट तरी हवीच असते.

भांड्यांच्या शोधातही हाच हिशेब ठेवावा. पुण्याच्या तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत रंगीत साचे पुष्कळ मिळतात आणि ते पाहायला मजाही येते. पण भाजणीसाठी सगळ्यांत मोलाची वस्तू बहुधा माळ्यावरच असते: जाड बुडाची, रुंद तोंडाची लंगडी, किंवा झाकणासकट बिडाचं भांडं. बीड तापायला वेळ घेतं, पण तापलं की धग सोडत नाही, आणि ओव्हनमध्ये ठेवलं की चुलीवर करायचं तेच काम करतं. फक्त प्लास्टिकची किंवा लाकडी मूठ नाही ना, एवढं पाहावं.

आता उरतं एक काम, आणि ते लवकर व्हायला हवं. जुन्या वह्यांत या पदार्थांपुढे बहुतेक वेळा ‘वर-खाली विस्तव ठेवून भाजावे’ एवढंच लिहिलेलं असतं. ज्यांना ते वाक्य हातांनी समजत होतं ती पिढी सरत चालली आहे. त्या वाक्याच्या बाजूला अंश आणि मिनिटं लिहून ठेवायला हवीत. दोन्ही कॉइलच्या ओव्हनमध्ये निनाव आणि धोंडस वर-खाली दोन्ही कॉइल लावून १८० अंशांवर ठेवावं, पाऊण तासाच्या सुमारास कड सुटली का पाहावं, माथा फिकट असेल तर शेवटची पाच मिनिटं फक्त वरची कॉइल चालू ठेवावी. बेबिंकाला पहिल्या थरानंतर खालची कॉइल बंदच ठेवावी.